उतरण्याचा क्षण

विमानविद्येच्या इतिहासात उड्डाणाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. उतरण्याची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः डोंगरावर हेलिकॉप्टरची खरी कसोटी लागते ती उतरतानाच. ४,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश राहते. त्यामुळे पात्यांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाचे बळही घटते. त्यातच खाली भुसभुशीत बर्फ असला, तर यंत्राच्याच वाऱ्याने तो उधळतो आणि जमीन कोठे व आकाश कोठे, हे वैमानिकाला कळेनासे होते. माँ ब्लाँ पर्वतावर १९५६ च्या अखेरीस नेमके हेच घडले.

जाँ व्हँसाँदाँ हा फ्रेंच आणि फ्रांस्वा आँरी हा बेल्जियन. पंचविशीच्या आतले हे दोघे तरुण त्या डिसेंबरात शामोनी गावाहून ब्रेन्व्हाच्या चढणीसाठी निघाले. नाताळात वादळाने त्यांना गाठले. त्याच वादळात सापडलेला प्रख्यात इटालियन गिर्यारोहक वाल्टेर बोनात्ती आपल्या सोबत्यासह ४,३६२ मीटरवरील वालोच्या निवाऱ्यापर्यंत पोहोचला. हे दोघे मात्र खाली बर्फाच्या विस्तीर्ण मैदानाजवळ अडकून पडले. पुढे शामोनीतून दुर्बिणीने ते दिसूही लागले. सारे गाव पाहत होते, परंतु त्यांना आणावयाचे कोणी, याचा निर्णय होत नव्हता. मार्गदर्शकांच्या संघाने धोका ओळखून माणसे धाडण्याचे नाकारले. सुटकेचा भार लष्करी गिरिशाळेवर आला आणि तिची भिस्त हेलिकॉप्टरवर होती. लिओनेल तेरे हा नामांकित गिर्यारोहक मात्र स्वयंसेवक जमवून पायीच निघाला. पण त्याची तुकडी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाही.

३१ डिसेंबरला सिकॉर्स्की बनावटीचे अवजड हेलिकॉप्टर दोन वैमानिक व दोन मार्गदर्शक घेऊन तेथे उतरू लागले. बर्फाची धूळ उसळली, वैमानिकांना दिसेनासे झाले आणि यंत्र कलंडून मोडले. चौघेही वाचले, पण सुटका करावयास गेलेल्यांनाच आता सुटकेची गरज पडली. गोठलेल्या, चालण्याचे त्राण नसलेल्या त्या दोन तरुणांना मोडक्या हेलिकॉप्टरच्या पोटात निजवून मार्गदर्शकांनी वैमानिकांसह वालोची वाट धरली. ३ जानेवारी १९५७ रोजी लहान आलुएत हेलिकॉप्टरांनी निवाऱ्यातील मंडळींना खाली आणले. व्हँसाँदाँ आणि आँरी वरच राहिले. त्यांचे देह मार्चमध्ये खाली आणण्यात आले.

या कथेतील खरी बोचरी गोष्ट निराळीच आहे. ‘आलुएत’ म्हणजे चंडोल. जाँ बूले यांनी हाच चंडोल जुलै १९५६ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, त्याच वालोच्या निवाऱ्यापाशी उतरवून एका आजारी गिर्यारोहकाला खाली आणले होते. तेव्हा उपाय ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही. तो उपाय योग्य वेळी योग्य हातांत नव्हता, एवढेच. दप्तरात आयुष्य काढणाऱ्या आम्हांसारख्यांना यात अपरिचित असे काहीच वाटत नाही. एका मेजावरील माहिती दुसऱ्या मेजावर पोहोचेपर्यंत दिवस लोटतात. फरक इतकाच, की तेथे प्रत्येक दिवस उणे तापमानाचा होता.

फ्रान्सने मात्र यातून धडा घेतला. १९५८ मध्ये पर्वतीय सुटकेची जबाबदारी कोणाची, हे सरकारी आदेशाने ठरविण्यात आले. यंत्रही सुधारत गेले. आलुएतच्या सांगाड्याला अधिक बलवान इंजिन जोडून १९६९ मध्ये जे ‘लामा’ हेलिकॉप्टर सिद्ध झाले, ते भारतीय सेनादलांच्या गरजेतूनच जन्मले. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते ‘चीता’ या नावाने बांधले आणि सियाचिनच्या चौक्यांची सेवा त्याने वर्षानुवर्षे केली. पातळ हवा आणि उधळणारे बर्फ ही संकटे त्या चौक्यांवर उतरतानाही होतीच. त्यांवर एकट्या इंजिनाची मात्रा चालत नाही. कोणते यंत्र धाडावयाचे, कोणी धाडावयाचे आणि पायी निघालेल्या माणसाला केव्हा थांबवावयाचे नाही, हे आधीच ठरलेले असावे लागते. शामोनीत ते ठरले, पण दोन तरुणांच्या मृत्यूनंतर.