प्रायोजकाचे नाव आणि परवान्याचा धनी : सहा पंक्तींवरील भाष्य

ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ९०.५ एफएमवर 'प्लॅन्ड पेरेंटहूड' या संस्थेचे प्रायोजक म्हणून नाव ऐकू येऊ लागले आणि थोड्याच दिवसांत ते बंद झाले. केंद्राचे नाव डब्ल्यूडीयूक्यू. १९४९ मध्ये सुरू झालेले हे केंद्र एनपीआर या सार्वजनिक रेडिओसंस्थेच्या बातम्या आणि जॅझ संगीत यांसाठी ओळखले जाई. परवाना होता ड्यूकेन विद्यापीठाकडे. स्पिरिटन संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी १८७८ मध्ये स्थापलेले हे विद्यापीठ. प्लॅन्ड पेरेंटहूड संततिनियमनाची साधने, आरोग्यतपासण्या आणि गर्भपाताची सेवा देते. संस्थेचे कार्य विद्यापीठाच्या कॅथलिक ओळखीशी जुळत नाही, असे सांगून अध्यक्ष चार्ल्स डॉअर्टी यांनी हे प्रायोजकत्व थांबवायला लावले.

या घटनेवर तेव्हा जी चर्चा झाली ती बहुतेक गर्भपाताच्या बाजूने किंवा विरोधात झाली. मला त्यामागची वचने महत्त्वाची वाटतात, कारण निर्णय त्यांच्या आधाराने घेतला गेला आणि उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या प्रायोजकाबाबतही त्यांच्याच आधाराने घेतला जाईल. म्हणून येथे सहा पंक्ती घेतल्या आहेत : एक रेडिओचे परवाने देणाऱ्या अमेरिकी प्रसारण आयोगाच्या नियमातली, तीन संज्ञापन कायद्याच्या कलम ३९९-ब मधल्या, आणि दोन पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी दिलेल्या 'एक्स कोर्दे एक्लेसिए' या धर्मशासनातल्या. पंक्तींचा आशय माझ्या मराठीत दिला आहे.

पंक्ती १. अव्यापारी शैक्षणिक एफएम केंद्राचा परवाना ना-नफा शैक्षणिक संस्थेलाच मिळेल, आणि तोही शैक्षणिक कार्य पुढे नेण्यासाठी.

मराठी वाचकाने 'सार्वजनिक रेडिओ' म्हटले की आकाशवाणी डोळ्यांपुढे आणू नये. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा खालचा भाग, ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, अव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला आहे. तेथे परवाना घेणारे कोण? विद्यापीठे, शाळा, स्थानिक मंडळे, धर्मसंस्थांची महाविद्यालये. संघराज्य सरकार तेथे चालक नाही. चालक आहे परवानाधारक, आणि त्याने केंद्रावरचा अंतिम ताबा स्वतःकडेच ठेवला पाहिजे असा आयोगाचा दंडक आहे. परवाना दुसऱ्याकडे द्यायचा तर आयोगाची संमती लागते. केंद्राचा व्यवस्थापक कितीही अनुभवी असो, कायद्याच्या दृष्टीने तो विद्यापीठाचा नोकर आहे.

म्हणून 'विद्यापीठाने रेडिओत ढवळाढवळ केली' हे वाक्य कायद्यात बसत नाही. परवानाधारक आपल्याच केंद्रात ढवळाढवळ करू शकत नाही, तो निर्णय करतो. पण पंक्तीचा उत्तरार्ध विसरता येणार नाही. परवाना 'शैक्षणिक कार्यासाठी' आहे. रेडिओलहरी सार्वजनिक आहेत, विद्यापीठ त्यांचे मालक नाही. रेड लायन खटल्यात १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रसारकाच्या हक्कापेक्षा श्रोत्यांचा आणि प्रेक्षकांचा हक्क श्रेष्ठ मानला. या पहिल्याच पंक्तीत दोन धनी दिसतात : परवान्याचा एक, लहरींचा दुसरा. पुढच्या सगळ्या वादाचे बीज येथे आहे.

पंक्ती २. जाहिरात म्हणजे मोबदला घेऊन प्रसारित केलेला असा संदेश, जो नफ्यासाठी धंदा करणाऱ्याच्या वस्तूंची किंवा सेवांची भलामण करतो;

हे कलम १९८१ मधले. सार्वजनिक केंद्रांचे सरकारी अनुदान आटत होते आणि अमेरिकी काँग्रेसला त्यांना पैशाचे दुसरे मार्ग मोकळे करून द्यायचे होते, पण व्यापारी रेडिओ होऊ द्यायचे नव्हते. तोल साधण्यासाठी व्याख्या नफ्याच्या धंद्यापुरती बांधली. प्लॅन्ड पेरेंटहूड ना-नफा संस्था आहे, म्हणून ती या पंक्तीच्या कक्षेत येतच नाही. एखाद्या बँकेने किंवा मोटारविक्रेत्याने जे बोलू नये, ते ना-नफा संस्थेने बोलले तर कायद्याला या अंगाने हरकत नाही. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पंक्ती ३. किंवा सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नावर कोणाचे मत मांडतो. किंवा निवडणुकीतील उमेदवाराला पाठिंबा वा विरोध करतो.

उमेदवाराचा भाग आपल्या विषयाला लागू नाही, तो सोडून देतो. पहिला भाग मात्र कळीचा आहे.

पूर्वपक्ष असा : गर्भपात हा अमेरिकेतील सर्वांत तापलेला सार्वजनिक प्रश्न आहे. या प्रश्नात उघड बाजू घेणाऱ्या संस्थेचे नुसते नाव वाजले तरी ते मतप्रदर्शनच झाले. मग कलमानेच हा संदेश निषिद्ध ठरत नाही काय?

उत्तर : नाही. कलम संदेशाबद्दल बोलते, संदेश देणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल नाही. अमुक संस्थेच्या साहाय्याने हा कार्यक्रम सादर होत आहे, एवढे सांगण्यात मत नाही. 'हा कायदा बदला' किंवा 'या हक्काचे रक्षण करा' असे सांगितले तर मत आहे. हा फरक टाकून दिला तर धर्मादाय रुग्णालये, पर्यावरणसंस्था, कामगारसंघटना यांतले कोणीच प्रायोजक होऊ शकणार नाही, कारण प्रत्येकाच्या नावामागे एखादे मत उभे असतेच. या कलमाची घटनात्मकताही तपासली गेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या खटल्यात नवव्या अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१२ मध्ये मतविषयक आणि उमेदवारविषयक बंदी रद्द केली. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ती पुन्हा उचलून धरली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. बंदी टिकली आहे, पण ती मतावर आहे, नावावर नाही.

एवढ्यावरून एक गोष्ट निश्चित होते. पिट्सबर्गमध्ये या संस्थेचे नुसते नाव घेण्यास देशाच्या कायद्याचा अडसर नव्हता.

पंक्ती ४. कोणतेही सार्वजनिक केंद्र आपली साधने कोणालाही जाहिरातीच्या प्रसारणासाठी उपलब्ध करून देणार नाही.

आयोगाने १९८४ मध्ये या निषेधाचा अर्थ व्यवहारासाठी मोकळा केला. प्रायोजकाचे नाव, ठिकाण, ओळख पटवणारे घोषवाक्य आणि वस्तूंचे तटस्थ वर्णन चालेल. किंमत, 'आजच या' अशी हाक, सवलतीचे आमिष आणि प्रतिस्पर्ध्याशी तुलना चालणार नाही. अमेरिकन सार्वजनिक रेडिओवर जो संथ, निर्विकार ऋणनिर्देश ऐकू येतो त्याचा उगम हा आहे.

या पंक्तीत जे लिहिलेले नाही तेही वाचले पाहिजे. काय नाकारायचे हे ती सांगते. कोणाला स्वीकारलेच पाहिजे, असे ती कोठेही सांगत नाही. १९७३ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रसारकाने पैसे घेऊन मतप्रचार स्वीकारलाच पाहिजे अशी सक्ती घटनाही करत नाही, कायदाही करत नाही. याहून जवळचे उदाहरण सेंट लुईसचे आहे. तेथील केडब्ल्यूएमयू हे राज्य विद्यापीठाचे केंद्र. कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेने त्यावर प्रायोजकत्व मागितले, केंद्राने नाकारले, क्लॅन न्यायालयात गेले. आठव्या अपील न्यायालयाने २००० मध्ये केंद्राचा नकार वैध ठरवला. प्रायोजक निवडणे हे केंद्राचे स्वतःचे बोलणे आहे, सर्वांना खुला असलेला मंच नव्हे, असा त्याचा आधार.

हा निवाडा मी दोनदा वाचला तेव्हा त्याचे वजन कळले. सरकारी विद्यापीठावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनादुरुस्तीचे बंधन असते. तेही नाकारू शकते, तर ज्याच्यावर ते बंधनच नाही त्या खासगी धार्मिक विद्यापीठाचा नकाराचा अधिकार वादातीत आहे. ड्यूकेनच्या टीकाकारांपैकी ज्यांनी 'सेन्सॉरशिप' हा शब्द कायदेशीर आरोप म्हणून वापरला त्यांची बाजू येथे कोसळते. हे मान्य केल्याखेरीज पुढचे बोलण्याचा हक्क मिळत नाही.

पंक्ती ५. कॅथलिक शिकवण आणि शिस्त यांचा प्रभाव विद्यापीठाच्या सर्व उपक्रमांवर असावा. मात्र प्रत्येक व्यक्तीच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखला जावा.

आता आपण कायद्यातून धर्मशासनात आलो. 'सर्व उपक्रम' यात रेडिओ केंद्र येते यात शंका नको. वसतिगृह, ग्रंथालय, संशोधनकेंद्र येते तसेच तेही येते. १९६८ च्या पोप पॉल सहावे यांच्या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमनाबाबत चर्चची भूमिका लेखी आणि स्पष्ट आहे, गर्भपाताबाबत तर ती त्याहून जुनी आणि कठोर आहे. विद्यापीठाने ती आपली मानली, हा दोष नव्हे. आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहणाऱ्या संस्थेचा मी आदर करतो.

परंतु शिकवण म्हणजे केवळ गर्भपाताचा निषेध नव्हे. १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या पोपच्या परिपत्रकापासून कामगाराला न्याय्य वेतन देणे ही शिकवण आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये मृत्युदंडाचा वापर जवळजवळ अमान्य ठरवला, तीही शिकवण आहे. युद्ध आणि शस्त्रे यांबद्दलही चर्च गप्प नाही. मग कामगारांना राबवून घेणारी कंपनी, शस्त्रे बनवणारा उद्योग, भरमसाट व्याज लावणारी पतसंस्था यांच्या ऋणनिर्देशांची तपासणी त्याच काट्याने होणार काय? होत असेल तर तो नियम आहे. एकाच विषयावर काटा बाहेर निघत असेल तर तो नियम नाही, ती निवड आहे. निवडीला 'ओळख' हे नाव देऊ नये.

पंक्तीच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणी वळत नाही, म्हणून मी तेथे थांबतो. प्रत्येक व्यक्तीचा सदसद्विवेक. येथे कोण व्यक्ती आहेत? विद्यापीठातील शिक्षक आणि विद्यार्थी आहेतच. पण या उपक्रमात पत्रकार आहेत, ज्यांना गर्भपाताच्या कायद्यांवर बातम्या द्यायच्या आहेत. ज्या अध्यक्षाने प्रायोजक थांबवला तोच आपल्या पगाराचा धनी आहे हे त्यांना ठाऊक आहे. बातमीवर कोणी बोट ठेवले नाही तरी ते बोट कोठे आहे हे माहीत असणे पुरेसे असते. अनुभवी संपादकांना हे समजावून सांगावे लागत नाही. श्रोतेही आहेत. निधिसंकलनाच्या मोहिमेत दूरध्वनी करून केंद्राला पैसे देणारा श्रोता कॅथलिक असेल, ज्यू असेल, निरीश्वरवादी असेल. त्याने दिलेली देणगी जगाच्या बातम्यांसाठी दिलेली असते, विद्यापीठाच्या धर्ममतासाठी नाही.

पंक्ती ६. विद्यापीठाची कोणतीही अधिकृत कृती किंवा बांधिलकी त्याच्या कॅथलिक ओळखीशी सुसंगत असावी.

ड्यूकेनच्या निर्णयाचा खरा पाया हा. प्रश्न एवढाच : प्रायोजकाचे नाव उच्चारणे ही विद्यापीठाची 'अधिकृत कृती' आहे काय?

विद्यापीठाची बाजू बळकट आहे. परवाना त्याचा, करार त्याच्या नावाने, पैसे त्याच्या खात्यात. पैसे घेऊन कृतज्ञता व्यक्त करणे हे संबंध जोडणेच आहे. एनपीआरच्या बातमीत गर्भपाताच्या समर्थकाचे मत ऐकवणे वेगळे, कारण ती वार्तांकनाची गरज आहे. आभार मानणे ही गरज नाही. हा भेद मला मान्य आहे आणि त्यामुळेच प्रायोजक नाकारणे आणि बातमी दाबणे यांना मी एका पंगतीला बसवत नाही.

तरीही येथे दुसरी बाजू अधिक खोल जाते. केडब्ल्यूएमयूच्या निवाड्यातला तर्क घेतला तर प्रायोजकत्व हे केंद्राचे बोलणे आहे. मग जे प्रायोजक स्वीकारले तेही केंद्राचे, म्हणजे विद्यापीठाचे बोलणे ठरते. या मार्गाने गेल्यास प्रत्येक स्वीकार ही मान्यता होते, आणि सार्वजनिक केंद्र श्रोत्यांना 'आम्ही सर्वांचे' असे सांगू शकत नाही. विद्यापीठाला दोन्ही गोष्टी हव्या होत्या : समाजाच्या देणग्यांवर चालणाऱ्या सर्वांच्या केंद्राची प्रतिष्ठा, आणि संस्थेच्या अधिकृत मुखपत्राला शोभणारी शुद्धता. या दोन्ही एकत्र हव्या असतील तर त्यांची हद्द आधीच आखलेली असली पाहिजे. पिट्सबर्गला संदेश आधी प्रसारित झाले आणि नंतर थांबले. स्वीकारणारा आणि थांबवणारा यांच्या हातांत एकच लेखी मोजपट्टी असती तर हा क्रम घडला नसता.

येथे सिद्धान्त मांडतो. नकाराचा अधिकार विद्यापीठाचा होता. चूक नकारात नव्हती, नियमाआधी निर्णय झाला यात होती. श्रोत्यांना आणि प्रायोजकांना जे आधी कळायला हवे होते ते त्यांना वादातून कळले.

पुढचा इतिहास थोडक्यात. २०११ मध्ये ड्यूकेनने केंद्र ६० लाख डॉलरना विकले. ते घेणारी संस्था शहरातील डब्ल्यूवायईपी या केंद्राने आणि पब्लिक मीडिया कंपनीने मिळून उभी केली होती. आज ९०.५ वर डब्ल्यूईएसए ऐकू येते आणि परवान्यावर विद्यापीठाचे नाव नाही. या विक्रीला २००७ च्या वादाचा परिणाम म्हणण्याची घाई करू नये. पण परवाना समाजाच्या संस्थेकडे गेला की पाचव्या आणि सहाव्या पंक्तीचा अंमल संपतो, हे मात्र खरे.

हा प्रश्न आता जुना राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केंद्रांना सरकारी पैसा वाटणाऱ्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाचे सुमारे १.१ अब्ज डॉलरचे मंजूर अनुदान काढून घेतले आणि ऑगस्टमध्ये महामंडळाने काम गुंडाळण्याची घोषणा केली. त्याच वर्षाच्या आरंभी आयोगाच्या अध्यक्षांनी एनपीआर आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीची संस्था पीबीएस यांच्या केंद्रांवरील प्रायोजक-संदेशांची चौकशी सुरू केली होती. सरकारी पैसा गेल्यावर केंद्राकडे श्रोते, प्रायोजक आणि परवानाधारक एवढेच आधार उरतात. जेथे परवानाधारक धार्मिक विद्यापीठ आहे तेथे त्याचा हात आता पूर्वीपेक्षा जड होईल.

अशा प्रत्येक विद्यापीठाने कोणत्या प्रकारचे प्रायोजक घेणार नाही हे लिहून काढावे, त्यामागची शिकवण नमूद करावी आणि ती केवळ एका विषयावर न लावता सर्व विषयांवर लावावी. तो कागद केंद्राच्या निधिसंकलनाच्या आवाहनाबरोबर श्रोत्यांपुढे ठेवावा. बातमीविभागाला प्रायोजकत्वाच्या निर्णयांपासून लेखी संरक्षण द्यावे. आणि एखादा प्रायोजक नाकारलाच, तर ते त्याच केंद्रावरच्या बातम्यांत सांगावे.