गहुलीचे वसंतराव नाईक

काचीगुड्याहून निघालेला लोहमार्ग निजामाबाद, नांदेड करीत परभणीस पोहोचतो. बरकतपुऱ्यातील मराठी वाचकाला ही वाट परिचित आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठास २०१३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ते उचित का, याचा विचार त्यांच्या यशाबरोबर अपयशही ध्यानात घेऊन व्हावयास हवा.

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे, बंजारा समाजातील शेतकरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. आजोबा चतुर्भुज नाईक यांनी भटक्या तांड्याला येथे स्थिर करून शेतीस लावले होते. वसंतराव वकील झाले, १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेशच्या विधानसभेत गेले. पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात त्यांच्याकडे कृषिखाते आले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तरी त्यांच्यातील कृषिमंत्री कधी निवृत्त झाला नाही.

संकरित ज्वारीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. १९६४ साली प्रसारित झालेले ‘सीएसएच-१’ हे वाण लवकर तयार होई आणि भरघोस उतारा देई. परंतु ताट बुटके असल्याने कडबा कमी मिळे, काढणीच्या वेळी पाऊस आला तर दाणा काळा पडे आणि त्या भाकरीला जुन्या ज्वारीची चव नसे. शेतकऱ्याच्या लेखी गुरांची वैरणही पिकाइतकीच मोलाची होती; हा हिशेब सरकारी प्रचारात मागे पडला. अन्नस्वयंपूर्णतेचा त्यांचा निर्धारही मुदतीत सिद्धीस गेला नाही.

१९७२ च्या दुष्काळाने तर बियाण्याची मर्यादाच उघडी केली. पाऊसच नसेल तेथे वाण काय करणार? मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेस बळ मिळाले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात, नाईकांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. संकरित ज्वारीतील उणिवांवर संशोधन करावयाचे, तर ते अशाच संस्थांत होणार होते. आपल्या आग्रहातील चुका पुढील पिढीस दुरुस्त करता याव्यात, अशी सोय ज्याच्या हातून झाली, त्याचे नाव परभणीच्या विद्यापीठास शोभते.