नाणेघाट, ठाण्याचा किनारा आणि घोड्याची वंशावळ

किन्हवलीहून सरळगाव-वैशाखरे या वाटेने गेल्यास नाणेघाटाचा पायथा लागतो. घाटातील सातवाहनकालीन लेण्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची गणना कोरलेली असून, तीत हजारो गाईंच्या जोडीला रुप्याने अलंकृत केलेल्या एका अश्वाचा वेगळा उल्लेख आहे. त्यावरून घोड्याचे मोल ध्यानात येते.

कोकणच्या दमट हवेत उत्तम घोडा निपजत नसे. तो समुद्रमार्गे आणावा लागे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राजाची मोठी चमत्कारिक हकीकत दिली आहे. लुटीतील अन्य सर्व माल चाच्यांनी ठेवावा, घोडे मात्र राजास द्यावेत, असा त्यांचा करार होता! हे वर्तन राजास शोभणारे नव्हे, असेही तो सुनावतो.

पश्चिमेकडून आलेल्या या अरबी-इराणी रक्ताचा घाटावरील तट्टांशी संकर होऊन भीमा-नीरेच्या खोऱ्यांत भीमथडी घोडा तयार झाला. मराठी फौजेतील बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, म्हणजे घोडा मेला की रोजगार बुडाला. त्याला हवे होते ते थोड्या दाण्यावर निभावणारे, डोंगराळ मुलखात लांब मजल मारणारे जनावर. मैलभर धावून पहिला येणारा घोडा त्याच्या काय उपयोगाचा?

इंग्लंडात हेतू निराळा होता. १७०४ मध्ये अलेप्पोहून नेलेला डार्ली अरेबियन, तसेच बायर्ली टर्क व गोडॉल्फिन अरेबियन या तीन वळूंपर्यंत आजच्या सर्व थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा पोचते. १७९१ पासून तेथे वंशावळीचे पुस्तक छापले जाऊ लागले. आपल्याकडे अरबी रक्त विरळ झाले, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. येथे शर्यतीची कसोटी नव्हती आणि पिढ्यांची छापील नोंदही नव्हती.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शर्यती मुख्यतः अरबी घोड्यांच्या असत. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान झाले; पुढे थरोब्रेडने अरबी घोड्यास मागे सारले आणि १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी धावली. अलेप्पोच्या वळूचे वंशज अशा रीतीने, छापील वंशावळीसह, मुंबईच्या बंदरात उतरले होते. भीमथडीची मागणी मात्र १८१८ नंतर मराठी फौजांबरोबरच ओसरली. राजा बढे यांच्या गीताने तिचे नाव घरोघरी नेले. स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय नोंद व्हावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.