‘हरकत नाही’ आणि ‘संमती’

अवयवदानाचा अर्ज भरून झाल्यावर मी तो बायकोपुढे सरकवला. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक तरी जवळचा नातलग हवा. तिनं चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, “माझी काही हरकत नाही. पण हरकत नसली म्हणजे संमती झाली का?”

सही राहिली बाजूला, मी शब्दकोश काढून बसलो.

‘हरकत’ मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीच्या वाटेनं. मूळ अर्थ हालचाल. गवई हरकत घेतो तेव्हा सूर जागचा हलतो आणि दाद मिळते. शेजारी हरकत घेतो तेव्हा आपलं बांधकाम जागचं हलत नाही. म्हणजे ‘हरकत नाही’चा शब्दशः अर्थ काय, तर कुणी हललं नाही. संमतीचं घराणं निराळं. ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘मन्’ म्हणजे विचार करणे. मन, मत, मान्य ही त्याच धातूची लेकरं. एकानं विचारलं, दुसरा गप्प बसला, एवढ्यावर ‘हरकत नाही’चं भागतं. संमतीला दोघांनाही डोकं चालवावं लागतं.

ब्रिटनला हा फरक फार उशिरा उमगला. तिथल्या १९६१च्या कायद्याप्रमाणे, शक्य तेवढी चौकशी करून नातलगांचा विरोध दिसला नाही, की मृतदेहातले भाग काढून ठेवता येत. थोडक्यात, ‘हरकत नाही’चा कायदा. लिव्हरपूलच्या अ‍ॅल्डर हे या मुलांच्या रुग्णालयात शवविच्छेदनानंतर बालकांचे अवयव आईवडिलांच्या नकळत ठेवून घेतले गेले होते. जानेवारी २००१मध्ये रेडफर्न चौकशी अहवालानं ते सगळं जगापुढे मांडलं. अवयव परत मिळत गेले तसे काही आईवडिलांनी एकाच लेकराचे अंत्यसंस्कार पुन्हा पुन्हा केले.

या प्रकरणात एका शब्दाचाही हात होता: टिश्यू. पालकांनी सही केलेल्या कागदांवर तो असे. डॉक्टरांच्या लेखी त्यात अख्खं हृदयही येई. आईवडिलांच्या डोळ्यांपुढे मात्र काचपट्टीवर मावेल एवढा तुकडा. गंमत अशी, की टिश्यू हा शब्द फ्रेंचमधून आलेला, अर्थ विणलेलं कापड. आपल्या ‘ऊती’चीही तीच कथा: संस्कृत ‘वे’ धातू, अर्थ विणणे. ‘ओतप्रोत’ तिचाच भाऊबंद, उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेला. (दुधाला येणारा ऊत वेगळा.) शब्द एवढा नाजूक विणीचा, पण त्याच्याआड केवढं काय लपलं!

पुढे २००४च्या कायद्यानं संमतीला मध्यभागी आणलं. स्कॉटलंडनं २००६मध्ये संमतीच्या जागी ‘ऑथरायझेशन’, म्हणजे अधिकार देणं, हा शब्द निवडला. आणि मे २०२०पासून इंग्लंडमध्ये अवयवदानापुरता काटा पुन्हा फिरला: प्रौढ माणसानं जिवंतपणी नकार नोंदवला नसेल तर त्याची संमती गृहीत धरतात. ‘गृहीत’ आला ‘ग्रह्’वरून, म्हणजे पकडणे, घेणे. संमती द्यायची असते. इथं ती घेतलेली असते. “मला गृहीत धरू नकोस” हे वाक्य मराठी घरांत कुठल्या सुरात म्हटलं जातं, हे सांगायला नको. तिथंही डॉक्टर नातलगांशी बोलतात, हे खरं. पण शब्द अडतो तो अडतोच.

आपला कायदा १९९४चा. २०११च्या दुरुस्तीनं त्याच्या नावात अवयवांबरोबर ऊतीही आल्या. जिवंतपणी भरायचा तो नमुना ७. चार डॉक्टरांच्या मंडळानं सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून रुग्ण मेंदूमृत ठरवला, की नातलगांपुढे येतो तो नमुना ८. पहिल्यात इच्छा असते, दुसऱ्यात संमती. आणि प्रत्यक्षात सगळं थांबतं ते या दुसऱ्या सहीपाशी. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या मुलाला “तुमची हरकत आहे का?” असं विचारलं, तर त्याला स्वतःचं मन चाचपावं लागतं. “बाबा कधी काही म्हणाले होते का?” असं विचारलं, तर तो आठवू लागतो. आठवायला काही असेल तर त्याच्या खांद्यावरचं ओझं हलकं होतं.

‘दान’ हा शब्दही हेच सांगतो. शास्त्राप्रमाणे दान म्हणजे आपला हक्क सोडून दुसऱ्याचा हक्क निर्माण करणं. ‘न मम’ म्हणून पाणी सोडायचं. ते म्हणणारा शुद्धीवर हवा. अवयवदानाच्या भाषणांत दधीची हटकून येतात, पण देव अस्थी मागायला आले तेव्हा ऋषी जिवंत होते आणि होकार त्यांनी स्वतः दिला होता, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

बायकोनं मग विचारलं, “ऊतींमध्ये नेमकं काय काय येतं?” मी वाचून दाखवलं: कॉर्निया, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या. त्वचेपाशी ती थांबली. त्या एका चौकटीवर आम्ही दोन संध्याकाळी बोललो, तेव्हा कुठे तिनं सही केली.

साक्षीदारातल्या ‘साक्षी’च्या पोटात ‘अक्ष’ आहे, म्हणजे डोळा. तेव्हा अर्ज भरलात तर कपाटात ठेवण्याआधी एकदा घरच्यांच्या नजरेखालून घाला.