ढाल वर्गाची, शब्द सगळ्यांचा

मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला 'आदर्श वर्गा'ची फिरती ढाल द्यावी आणि हजेरी, शिस्त व स्वच्छता यांवर वर्गाला गुण द्यावेत, असा विचार आपल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये चालला आहे. विचार चांगला आहे. पण काहींच्या वागण्याचे फळ साऱ्यांना देण्याची कल्पना जुनी आहे. तिचा इतिहास पाहून ढालीचे नियम ठरवावेत, म्हणून हा लेख.

पंतोजींच्या शाळेत शिस्त म्हणजे छडी, अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे. शिक्षा बहुधा ज्याची त्याला मिळे. इंग्रजी अमदानीत, 1860 च्या दशकात, मुंबई इलाख्यात शाळांसाठी वेगळीच पद्धत आली. किती मुले परीक्षेत उतरली, हजेरी किती भरली, हे पाहून अनुदान मिळू लागले. नापास होणारा किंवा सुगीला घरी राहणारा मुलगा आता शाळेच्या उत्पन्नाला खोट आणू लागला.

1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी ही पद्धत गरीब, अशिक्षित समाजाला उपयोगाची नाही, असे स्पष्ट सांगितले. तेथे अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नव्हती, त्यामुळे केवळ निकालाच्या पैशावर कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नव्हते. बक्षिसांना मात्र त्यांचा विरोध नव्हता. उलट शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे देऊन या मुलांना शाळेकडे वळवावे, अशी त्यांची मागणी होती. पाटसहून रेल्वेने पुण्याला जाताना लागणाऱ्या मांजरीला त्यांची शेती होती. खेड्यातले मूल शाळेत का येत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. बक्षिसाने मूल शाळेत यावे, बक्षिसापायी ते नकोसे होऊ नये, हा धडा मला त्यात दिसतो.

पुढे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्यांच्या विचारात शिक्षेबरोबर बक्षीसही नको होते, कारण कामातला आनंद हेच मुलाचे बक्षीस. बालवाडीला ते शोभतेच. पण साठ मुलांचा आठवीचा वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला आणखी काहीतरी हाताशी लागते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ या तिघांनी चौथीच्या 24 मुलांवर केलेला एक प्रयोग 1969 साली प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन गट केले. कोणी मधेच बोलले किंवा जागा सोडली की त्या गटाच्या नावावर फळ्यावर एक खूण होई. खुणा कमी त्या गटाला सवलती मिळत, आणि दोन्ही गट मर्यादेत राहिले तर दोघांनाही मिळत. गडबड एकदम कमी झाली. पण दोन मुलांनी आपण खेळणार नाही असे जाहीर केले. त्यांच्यापायी साऱ्या गटाला भुर्दंड नको, म्हणून त्यांचा वेगळा गट करावा लागला. खेळाची ताकद आणि त्याची अडचण एकाच वर्गात दिसली.

आपल्याकडे हीच गोष्ट गावाच्या पातळीवर झाली. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडणे आपसात, सामोपचाराने मिटवणाऱ्या गावांना रोख पुरस्कार मिळू लागले. कोर्टकचेरीचा खर्च वाचला, भाऊबंदकीतले बांधाचे वाद चावडीवर बसून सुटू शकले. पण गावाचे गुण जाऊ नयेत म्हणून एखाद्या दुबळ्याला तक्रार मागे घ्यायला लावली जाण्याची भीतीही त्यात आहे. तडजोड दोघांच्या मनाने झाली तरच तिला तडजोड म्हणायचे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. छडी गेली ते योग्यच झाले. तिच्या जागी वर्गाचे बक्षीस आणि मुलांशी केलेला लेखी करार येत असेल, तर छळ मारणाऱ्याच्या हातून सुटून वर्गमित्रांच्या हाती जाऊ नये, एवढे पाहावे लागेल. आपल्या भागात गळीत हंगामात ऊसतोडीच्या कुटुंबांबरोबर मुले येतात आणि हंगाम संपला की जातात. हजेरीला गुण ठेवले, तर अशा मुलाचे नाव आपल्या वर्गात कोणाला हवे असेल?

म्हणून माझी सूचना अशी आहे. नियम तीन-चारच असावेत. ते वर्षाच्या सुरुवातीला मुलांनी स्वतः ठरवावेत, लिहून सह्या कराव्यात, आणि शिक्षकांनीही आपल्या बाजूने काय पाळायचे ते त्याच कागदावर लिहावे. ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येक वर्गाला बक्षीस मिळावे, मग ते वर्ग कितीही असोत. एका मुलाच्या चुकीने वर्गाचे गुण कापू नयेत. हजेरीऐवजी, गैरहजर राहून परत आलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास वर्गाने भरून काढला का, यासाठी गुण असावेत. ढालीचा खर्च आपण सारे मिळून करणारच आहोत. तिच्यावर नाव कोरण्याआधी हा कागद तयार व्हावा.