टेरेन्सचा अविवाहित काका

सुखान्त कौटुंबिक नाटकांत मुलें सांभाळण्याचें काम ज्या नातलगाच्या गळ्यांत पडतें, तो बहुधा त्या कामास अगदीं अपात्र दिसणारा असतो. अशा एका फार जुन्या काकाची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों. टेरेन्स या लॅटिन नाटककाराचें 'आदेल्फी', म्हणजे 'भाऊ', हें नाटक इ. स. पू. १६० मध्यें रोम येथें झालें. कथानक मूळ मेनँडरच्या ग्रीक नाटकाचें, म्हणून स्थळ अथेन्स.

डेमिआ हा वडील भाऊ. शेतावर राबणारा, काटकसरी, करडा. धाकटा मिकिओ शहरांत सुखानें राहणारा आणि लग्नाच्या भानगडींत न पडलेला. डेमिआच्या दोन मुलांपैकीं थोरला ईस्किनस याला या ब्रह्मचाऱ्यानें लहानपणींच दत्तक घेतलें. आपल्याकडे दत्तक म्हटला कीं पिंड आणि वतन डोळ्यांपुढें येतें. रोमन उमरावांतही घराण्याचें नांव टिकविणें हा मोठा हेतु असे. मिकिओ मात्र वारसाची गोष्ट काढीत नाहीं. हा मुलगाच आपला एकमेव आनंद, असें तो सांगतो.

नाटक उघडतें तेंच त्याच्या काळजीनें. रात्र उलटली तरी मुलगा घरीं आलेला नाहीं. त्याला थंडी बाधली असेल काय, तो कोठें पडला असेल काय, असे नाना तर्क हा एकटा मनुष्य करीत बसतो, आणि ही व्याधि आपण होऊन कां लावून घेतली म्हणून स्वतःवरच चकित होतो. मग तो आपलें तत्त्व सांगतो: धाकानें वाढलेला मुलगा लपवाछपवी शिकतो; विश्वासानें वाढलेला बापापासून कांहीं लपवीत नाहीं.

हें तत्त्व नाटककार निर्दयपणें कसोटीस लावतो. शेजारच्या गरीब विधवेच्या मुलीवर ईस्किनसनें रात्रीच्या अंधारांत बलात्कार केलेला असतो. लग्नाचें वचन देऊनही नऊ महिने तो काकाजवळ अवाक्षर काढीत नाहीं. (त्या मुलीच्या दुःखाला नाटकांत किती थोडी जागा आहे, हें आजच्या वाचकाला बोंचल्याशिवाय राहणार नाहीं.) इकडे डेमिआच्या धाकांतला धाकटा मुलगाही चोरून एका वादक गणिकेच्या नादीं लागलेला. म्हणजे दोघांचेंही शिक्षण सारखेंच फसलें.

आतां हें नाटक कोणत्या प्रसंगीं झालें तें पहावें. मॅसिडोनियाचा विजेता एमिलिअस पॉलस याच्या अंत्यविधीच्या खेळांत तें झालें. पॉलसनें पहिल्या पत्नीचे दोन मुलगे इतर थोर घराण्यांत दत्तक दिले होते आणि दुसरीचे दोन घरीं ठेविले. इ. स. पू. १६७ मध्यें त्याची विजययात्रा निघाली. तिच्या पांच दिवस आधीं घरचा एक मुलगा वारला आणि तीन दिवसांनंतर दुसरा, असें प्लुटार्क लिहितो. दत्तक गेलेले दोघे मात्र जगले. ते फेबिअस मॅक्सिमस आणि सिपिओ एमिलिएनस; या खेळांचे यजमान तेच. टेरेन्सनें त्यांच्यासाठीं कथा रचली असें आम्ही म्हणत नाहीं. ती मेनँडरची आहे. पण जन्मदात्याच्या अंत्यविधीस दत्तकपुत्रांनीं हेंच नाटक करवावें, हा निव्वळ योगायोग मानणें आम्हांस जड जातें.

शेवटीं डेमिआ एकाएकीं उदार होतो, पण भावाच्या पैशानें. मिकिओचा गुलाम मुक्त होतो, त्याची जमीन दिली जाते, आणि म्हाताऱ्या मिकिओला नवरीच्या आईशीं लग्न करावें लागतें. मेनँडरच्या नाटकांत म्हातारा या लग्नाला कुरकुरत नसे, असें टीकाकार डोनेटस सांगतो. तेव्हां ही फजिती टेरेन्सनें वाढविलेली दिसते. मोलिएरनें १६६१ मध्यें याच धर्तीवर 'नवऱ्यांची शाळा' लिहिली, तेव्हां सौम्य भावालाच सरळ विजय दिला. टेरेन्स तसें करीत नाहीं. तुझा चांगुलपणा म्हणजे केवळ लाड व सैल हात, असें डेमिआ तोंडावर सुनावतो. पैशापुरतें तें आम्हांस खरें वाटतें. पण पहाटे त्या मुलाची वाट पाहत बसलेला डेमिआ नव्हता.

तरीही यापुढें कोणाच्या सल्ल्यानें चालणार, असें विचारतांच ईस्किनस जन्मदात्या बापाकडे वळतो. मिकिओला कोणी विचारीत नाहीं.