विभाग ३५८

मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या ‘क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स’ या दुकानात मासिकातून कापलेलं एक कुपन टपालाने आलं. त्यावर ‘विभाग ३५८’ असं छापलेलं होतं. ग्राहकाने कोणतं मासिक पाहून मागणी केली हे कळावं, म्हणून दुकानाने प्रत्येक जाहिरातीत घातलेली ही खूण. ३५८ म्हणजे ‘अमेरिकन रायफलमन’, फेब्रुवारी १९६३.

मूळ कुपन आज नाही. दुकान मागणीपत्रांचे मायक्रोफिल्मवर फोटो काढून कागद नष्ट करत असे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला आणि त्याच रात्री याच फिती उलगडून पाहण्याची वेळ आली. पहाटे नोंद सापडली. मागणी करणारा ए. हिडेल, पत्ता पोस्ट बॉक्स २९१५, डॅलस. अक्षर या खुनाचा आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड याचं. सोबत १२ मार्चचा शिक्का असलेली २१.४५ डॉलरची मनीऑर्डर. दुर्बीण बसवलेल्या इटालियन कारबाइनचे १९.९५ आणि टपालखर्चाचा दीड डॉलर, हिशेब चोख जुळतो. दुर्बिणीशिवाय तीच कारबाइन १२.७८ डॉलरला होती. माल २० मार्चला निघाला. दुकानाच्या नोंदीत रायफलीचा क्रमांक आहे सी२७६६, आणि गोळ्या जिथून झाडल्या गेल्या त्या डॅलसच्या इमारतीत सापडलेल्या रायफलीवरही हाच क्रमांक होता.

इथवर कागद एकमेकांशी बोलतात. पुढे अडतं ते लांबीपाशी. फेब्रुवारीची जाहिरात ३६ इंचांची कारबाइन दाखवते, सापडलेली रायफल ४० इंचांहून थोडी मोठी. या चार इंचांवर कटाचे मोठमोठे इमले उभे राहिले आहेत. भरीस भर म्हणजे पोस्ट खात्याचे निरीक्षक हॅरी होम्स यांना तपासाच्या घाईत बाजारात जो अंक मिळाला तो ‘फील्ड अँड स्ट्रीम’चा, नोव्हेंबर १९६३ चा. त्यातलंच पान खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या २६ खंडांत पुरावा म्हणून छापलं गेलं. त्या पानावर लांबी ४० इंच आहे, म्हणजे सापडलेल्या रायफलीशी जुळणारी. पण ऑस्वाल्डने कापलेलं पान ते नव्हेच.

दोन्ही अंक शेजारी ठेवले की सरळ अर्थ लागतो. दुकानातला साठा बदलला होता, मालाचा यादी-क्रमांक तोच राहिला होता आणि फेब्रुवारीतली जाहिरात जुन्या साठ्याची होती. मागणीच्या नोंदीत हा यादी-क्रमांक आणि सी२७६६ हे दोन्ही एकाच कागदावर आहेत. हा अर्थ म्हणजे अनुमानच, पण कटाच्या गोष्टींपेक्षा याच्या बाजूने कागद जास्त आहेत.

म्हणून लष्करी मोडीतल्या बंदुकांवरची जुनी मासिकं जमवणाऱ्याने लेखांपेक्षा जाहिरातींची पानं जपावीत, असं माझं मत आहे. लेखात लेखकाची हौस असते. जाहिरातीत भाव, लांबी, महिना आणि माल कुठून आला ते असतं. दुर्दैवाने अनेक ग्रंथालयांनी खंड बांधताना नेमकी हीच पानं रद्दीत काढली. पान शाबूत असलं तरी कुपन कापलेलं आढळतं. विक्रेता तसा अंक ‘खराब’ म्हणून स्वस्तात देतो. मला तो जास्त बोलका वाटतो. कुणीतरी खरंच मागणी केली होती, एवढं त्यावरून कळतं.

अशा मालाला भारतात काय वाट होती, हे कळण्यासाठी आता नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावातून हाच काळ पाहू. गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, म्हणजे क्लाइन्सची ती जाहिरात छापून येण्याआधी जेमतेम चार महिने. सोबतच्या १९६२ च्या नियमांची पहिली अनुसूची वाचण्यासारखी आहे. ती .३०३ रायफलीवर बंदी घालून थांबत नाही. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस ज्या कुठल्या नळीत बसेल आणि उडेल, ती सगळी बंदी असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापांत. .४१० ची मस्केटही नावानिशी तिथे आहे. खास मंजुरीवाचून यांपैकी काहीही घरात ठेवता येत नव्हतं. शिकागोचं दुकान ज्या मालाची कुपनं छापत होतं, त्याच जातीचा माल इथे केवळ काडतुसाच्या मापावरून अडवला होता. मासिकाला मात्र परवाना लागत नाही. कोरीटच्या हौशी माणसाला या विषयाचा संग्रह करायचा तर कागदाचाच करावा लागतो.

अमेरिकेतही हा खुला बाजार पुढे फार टिकला नाही. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाने रायफल मागवणं बंद झालं, परदेशी लष्करी मोडीच्या मालाची आयातही थांबली. १९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांपुरती आयात पुन्हा खुली झाली. त्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचा शिक्का असलेल्या .३०३ रायफली अमेरिकन संग्राहकांच्या हाती पोचल्या. कोरीटला त्या तेव्हाही फक्त पोलिसांच्या खांद्यावरच दिसत.